कर्बल स्पेस प्रोग्रॅम: पहिल्यांदा कक्षेत जाताना

कर्बल स्पेस प्रोग्रॅम हा रॉकेट बनवून उडवायचा व्हिडिओ गेम सुरू केला की पहिल्या संध्याकाळी बहुतेकांचं सारखंच होतं. मोठं रॉकेट, भरपूर इंधन, नाक थेट आकाशाकडे. शंभर, दीडशे, दोनशे किलोमीटर उंची गाठली जाते, खाली निळा गोळा दिसतो, आणि मग रॉकेट निमूटपणे परत खाली येतं. इंधन कमी पडलं असं वाटून पुढच्या वेळी आणखी दोन बूस्टर लावले जातात. तेही खाली येतं, फक्त जरा उशिरा.

दोष इंधनाचा नसतो, दिशेचा असतो. ५ मे १९६१ रोजी अमेरिकन अंतराळवीर अ‍ॅलन शेपर्ड १८७ किलोमीटर उंच गेला आणि सुमारे पंधरा मिनिटांत समुद्रात उतरला. त्याच्या तीनेक आठवडे आधी, १२ एप्रिलला, युरी गागारिन पृथ्वीला प्रदक्षिणा घालून १०८ मिनिटांनी परतला होता. अंतराळात दोघंही पोचले. गागारिनचं यान मात्र सेकंदाला आठेक किलोमीटर वेगाने आडवं धावत होतं, म्हणून खाली पडतापडताही जमीन त्याच्या वाटेतून बाजूला सरकत राहिली.

खेळातल्या कर्बिन ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या दहाव्या भागाहूनही थोडी कमी. वातावरण बरोबर ७० किलोमीटरवर संपतं. ८० किलोमीटरवर गोल कक्षेत राहायला सेकंदाला साधारण २,२८० मीटर आडवा वेग लागतो. ही संख्या कुठेतरी लिहून ठेवा. खालच्या सगळ्या पायऱ्या तिथे पोचण्यासाठीच आहेत.

हा लेख खेळाच्या पहिल्या भागाबद्दल आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच, विक्रीला आलेल्या दुसऱ्या भागात पडद्याची मांडणी वेगळी आहे, पण कक्षेचं गणित तेच.

१. आधी सँडबॉक्स उघडा

करिअर मोडमध्ये पैसे, करार, संशोधन असं सगळं एकदम अंगावर येतं आणि सुरुवातीला निम्मे भाग हाताशी नसतात. कक्षेत जाणं शिकायचं असेल तर सँडबॉक्समध्ये शिका. तिथे सगळे भाग खुले असतात आणि सगळे वैमानिक पूर्ण तयार असतात.

करिअरमध्येच खेळायचं असेल तर तीन अडथळे माहीत असू द्या. सुरुवातीच्या लाँचपॅडला १८ टनांची आणि जोडणीच्या इमारतीला ३० भागांची मर्यादा असते. खाली दिलेलं रॉकेट दोन्हींत बसतं. दुसरं, मॅन्युव्हर नोड म्हणजे नकाशावर आधीच आखून ठेवायची इंजिन चालवण्याची योजना. ती आखायला ट्रॅकिंग स्टेशन आणि मिशन कंट्रोल या दोन्ही इमारती वाढवाव्या लागतात. तोवर हातानेच काम भागवायचं, आणि ते छान भागतं. तिसरा अडथळा सगळ्यांत जास्त फसवतो: कॉकपिटमध्ये कोण बसलंय ते पाहा. जेबेडाया आणि व्हॅलेंटिना वैमानिक आहेत. बिल अभियंता आहे, बॉब शास्त्रज्ञ. बॉबला एकट्याला पाठवलंत तर एसएएस, म्हणजे रॉकेट स्थिर धरणारी यंत्रणा, चालतच नाही, आणि रॉकेट का डोलतंय याचा शोध तुम्ही इंजिनात घेत बसता.

मेकजेबसारखं ऑटोपायलट मॉड, म्हणजे खेळाला बाहेरून जोडायची भर, एवढ्यात टाकू नका. ते तुम्हाला कक्षेत नेऊन सोडेल हे खरं, पण मूनकडे, म्हणजे कर्बिनच्या चंद्राकडे, निघताना पुन्हा त्याच्याकडेच हात पसरावा लागेल.

२. रॉकेट: छोटं आणि दोन टप्प्यांचं

वरून खाली या क्रमाने जोडा:

– एमके१६ पॅराशूट
– एमके१ कमांड पॉड (वैमानिक बसतो तो भाग)
– १.२५ मीटरची हीट शील्ड (परतताना उष्णतेपासून वाचवणारी ढाल)
– टीडी-१२ डिकपलर (खालचा टप्पा सोडून देणारा भाग)
– एफएल-टी४०० टाकी, एक
– एलव्ही-९०९ ‘टेरियर’ इंजिन
– टीडी-१२ डिकपलर
– एफएल-टी४०० टाक्या दोन आणि एफएल-टी२०० एक
– एलव्ही-टी४५ ‘स्विव्हल’ इंजिन
– अगदी तळाशी चार पंख, चारपट सममिती लावून

एकूण वजन सव्वाअकरा टनांच्या आसपास. नव्या आवृत्त्यांमध्ये जोडणीच्या पडद्यावरच प्रत्येक टप्प्याचा डेल्टा-व्ही दिसतो. इंधनाच्या जोरावर वेगात एकूण किती बदल करता येईल, त्याचा तो आकडा. कर्बिनवरून खालच्या कक्षेत जायला साधारण ३,४०० मीटर प्रतिसेकंद लागतात. या रॉकेटकडे निर्वातात मोजलं तर चार हजारांहून थोडे जास्त आहेत. नवशिक्याचा हात थोडा वाया घालवतोच, ती सोय यात धरली आहे.

इंजिनं का बदलली? ‘टेरियर’ निर्वातासाठी बनलेलं आहे. तिथे त्याचा जोर ६० किलोन्यूटन असतो, समुद्रसपाटीला मात्र जेमतेम १५. जमिनीवरून ते पेटवलंत तर धूर भरपूर निघेल, पण हे रॉकेट जागचं हलणार नाही. ‘स्विव्हल’चं नळकांडं वळतं, त्यामुळे रॉकेट सुकाणूला नीट उत्तर देतं. त्याच्या शेजारी यादीत दिसणारं ‘रिलायंट’ जास्त जोराचं आणि हलकं आहे, पण त्याचं नळकांडं स्थिर असतं. पहिल्या रॉकेटला ते नको.

सुरुवातीच्या जोराचं वजनाशी गुणोत्तर, म्हणजे टीडब्ल्यूआर, दीडच्या जवळ आहे का तेवढं तपासा. १ पेक्षा कमी असेल तर रॉकेट उठत नाही. २ च्या वर गेलं तर खालच्या दाट हवेतच वेग बेसुमार वाढतो आणि इंधन हवेशी झगडण्यात जातं.

“आणखी एक टाकी लावू का?” हा मोह इथे होतो. आवरा. जादा टाकी उचलायला जादा जोर, जादा जोरासाठी मोठं इंजिन, आणि ते इंजिन उचलायला पुन्हा इंधन. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्कीने १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेलं समीकरण हेच सांगतं: इंधन पटीने वाढवलं तरी वेग त्या पटीत वाढत नाही. घन इंधनाचे बूस्टर तर एकदा पेटले की विझवताही येत नाहीत.

३. स्टेजिंग: स्पेसबार दाबण्याआधी

उजवीकडच्या पट्टीत स्टेजचा, म्हणजे कुठला भाग कधी चालू होईल त्याचा, क्रम असतो. स्पेसबारच्या प्रत्येक दाबाला एक स्टेज, खालून वर:

पहिला दाब: ‘स्विव्हल’ पेटतं.
दुसरा: खालचा डिकपलर सुटतो आणि ‘टेरियर’ पेटतं.
तिसरा: वरचा डिकपलर सुटतो, पॉड मोकळा होतो.
चौथा: पॅराशूट.

खेळ हा क्रम स्वतः लावतो खरा, पण त्यावर भरवसा ठेवू नका. भाग काढून पुन्हा लावले की चिन्हं इकडची तिकडे जातात. पॅराशूट पहिल्याच स्टेजमध्ये घुसलेलं असतं आणि उड्डाणाबरोबर उघडून लगेच फाटतं. नाहीतर दोन्ही डिकपलर एकाच स्टेजमध्ये असतात. चिन्हावर माऊस नेला की रॉकेटवरचा तो भाग उजळतो, चारही स्टेज तपासा.

४. कळा आणि नॅव्हबॉल

झेड म्हणजे पूर्ण थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा पूर्ण जोर, एक्स म्हणजे बंद. शिफ्टने थोडं थोडं वाढवायचं, कंट्रोलने कमी करायचं. टी एसएएससाठी, एम नकाशासाठी. वळवायला डब्ल्यू, ए, एस, डी. एफ५ ने खेळ जतन होतो आणि एफ९ दाबून धरलं की तिथे परत जाता येतं. कॅप्स लॉक चालू केला की सुकाणू मऊ होतं. बारीक वळणाला हे वरदान आहे.

आता नॅव्हबॉल, तो खाली मध्यभागी असलेला गोळा. नवीन लोक रॉकेटकडे बघून उडवतात, आणि कॅमेरा फिरला की पूर्व कुठली, पश्चिम कुठली कळत नाही. गोळ्याचा निळा भाग आकाश, तपकिरी भाग जमीन. मधली खूण म्हणजे तुमचं नाक. पिवळसर हिरवं वर्तुळ म्हणजे प्रोग्रेड, यान प्रत्यक्षात ज्या दिशेने चाललंय ती दिशा. नाक एकीकडे आणि वर्तुळ भलतीकडे असू शकतं, आणि खालच्या हवेत हा फरक वाढला की रॉकेट कोलांटी खातं.

गोळ्याच्या वर वेग दिसतो. तिथे ‘सरफेस’ लिहिलं असेल तर तो जमिनीच्या तुलनेत, ‘ऑर्बिट’ असेल तर कक्षेच्या हिशेबाने. लाँचपॅडवर उभं असतानाच त्यावर क्लिक करून ‘ऑर्बिट’ करून पाहा: रॉकेट जागेवर असूनही सुमारे १७५ मीटर प्रतिसेकंद दिसेल. तो कर्बिनच्या स्वतःभोवती फिरण्याचा वेग. पूर्वेला निघालात तर तो फुकट मिळतो. पश्चिमेला निघालात तर तो आधी फेडावा लागतो आणि मग तेवढाच पुन्हा कमवावा लागतो, म्हणजे ३५० चा फटका. म्हणून पूर्व, म्हणजे नॅव्हबॉलवर ९० ची रेघ. पाहून झालं की पुन्हा ‘सरफेस’ करा.

५. उड्डाण

टी दाबून एसएएस चालू. झेड. स्पेसबार.

वेग सेकंदाला ५० ते ६० मीटर होईपर्यंत सरळ वर जाऊ द्या. मग डी ला हलके टिचके देत नाक पूर्वेकडे पाच ते आठ अंश झुकवा. एवढंच. प्रोग्रेडचं वर्तुळ हळूहळू नाकाखाली येऊन बसेल. आले की एसएएसच्या बाजूच्या बटणांतलं ‘प्रोग्रेड’ निवडा. सँडबॉक्समध्ये ते मिळतंच, करिअरमध्ये वैमानिक पहिल्या पातळीवर पोचला की मिळतं. नसेल तर नाक हाताने वर्तुळाच्या जवळ ठेवत राहा. यापुढे गुरुत्वाकर्षण स्वतःच रॉकेटला झुकवत नेतं. याला ग्रॅव्हिटी टर्न म्हणतात.

दहा-बारा किलोमीटरवर नाक ४५ अंशांच्या आसपास असावं. तिथे अजून जवळजवळ सरळ उभे असाल तर सुरुवातीचं झुकवणं कमी पडलं. दोन-चार अंश आणखी खाली घ्या, पण वर्तुळाला सोडून लांब जाऊ नका. पाच किलोमीटरवरच आडवे झाला असाल तर झुकवणं जास्त झालं. अशा वेळी झगडत बसण्यापेक्षा ‘रिव्हर्ट टू लाँच’ करून पुन्हा लाँचपॅडवर या आणि एक-दोन अंश कमी झुकवा. हा अंदाज हाताला बसायला काही उड्डाणं लागतात, त्याला शॉर्टकट नाही.

जुन्या मार्गदर्शकांत “दहा किलोमीटरपर्यंत सरळ जा, मग ४५ अंश वळा” असा सल्ला अजून सापडतो. २०१५ च्या १.० आवृत्तीच्या आधी खेळातली हवा वेगळी वागायची, तेव्हा ते चालायचं. आता एवढं मोठं वळण एका झटक्यात घेतलंत तर रॉकेट उलटण्याचीच शक्यता जास्त.

सव्वा मिनिटाच्या आसपास खालच्या टाक्या संपतात. इंजिनचा आवाज थांबला की स्पेसबार. खालचा टप्पा गळून पडतो, ‘टेरियर’ पेटतं. रॉकेट एकदम मंदावल्यासारखं वाटेल. घाबरू नका, छोटं इंजिन आहे.

आता उंचीकडे बघणं सोडा. एम दाबून नकाशा उघडा किंवा खालच्या डाव्या कोपऱ्यातली कक्षेची माहिती चालू करा. बघायचा आकडा अ‍ॅपोअ‍ॅप्सिसचा, म्हणजे तुमच्या वाटेवरच्या सर्वात उंच बिंदूचा. तुम्ही तीस किलोमीटरवर असाल आणि तो पन्नास, साठ, सत्तर असा पुढे चढत जाईल. पस्तीसेक किलोमीटरच्या पुढे वेगाची नोंद आपोआप ‘ऑर्बिट’वर जाते आणि प्रोग्रेडची खूण किंचित उडी मारते. काही बिघडलेलं नसतं. नाक तोवर क्षितिजाच्या बरंच जवळ आलेलं असावं.

अ‍ॅपोअ‍ॅप्सिस ८० किलोमीटर झाला की एक्स.

इथे अनेकजण इंजिन चालूच ठेवतात, कारण अजून वर जायचंय असं वाटतं. जे वर जायचंय ते आता इंजिनाविना होणार आहे. ७० किलोमीटर ओलांडेपर्यंत विरळ हवेच्या घर्षणाने अ‍ॅपोअ‍ॅप्सिस एखाद-दोन किलोमीटर उतरतो. ७५ च्या वर राहिला तरी चालेल.

६. कक्षा गोल करणं

सत्तरच्या वर आलात की एफ५ दाबा. विसरू नका.

नकाशात तुमची वाट म्हणजे जमिनीत घुसणारी कमान दिसेल. पेरिअ‍ॅप्सिस, सर्वात खालचा बिंदू, ग्रहाच्या पोटात असतो: उणे ४०० किलोमीटर असं काहीतरी. अ‍ॅपोअ‍ॅप्सिसला वेग २,२८० हवा आणि तुमच्याकडे असतो समजा १,५००. राहिलेले ७८० तिथे जाऊन, पुढच्या दिशेने मिळवायचे.

पुढच्या सगळ्या प्रवासात उपयोगी पडेल असा नियम हा: ज्या जागी पुढच्या दिशेने इंजिन चालवाल, तिथली उंची बदलत नाही, कक्षेची बरोबर समोरची बाजू उचलली जाते. म्हणून पेरिअ‍ॅप्सिस उचलायचा तर अ‍ॅपोअ‍ॅप्सिसला जायचं.

या रॉकेटला ७८० साठी पस्तीस-चाळीस सेकंद लागतात. निम्मा वेळ आधी, निम्मा नंतर, म्हणजे अ‍ॅपोअ‍ॅप्सिसला वीसेक सेकंद उरले असताना सुरुवात. नाक प्रोग्रेडवर, क्षितिजाला समांतर. झेड.

आता अ‍ॅपोअ‍ॅप्सिसपर्यंतच्या वेळेवर नजर ठेवा. तो वेळ वाढायला लागला, बिंदू तुमच्या पुढे पळायला लागला, तर थ्रॉटल कमी करा, नाहीतर समोरची बाजू उचलण्याऐवजी हीच बाजू उंच जात राहील. बिंदू मागे पडला आणि तुम्ही उतरायला लागलात तर नाक क्षितिजाच्या दहा-पंधरा अंश वर घ्या आणि पूर्ण जोर द्या.

पेरिअ‍ॅप्सिस सुरुवातीला रेंगाळतो. उणे ४००, उणे ३५०. मग वेग घेतो. तो जेमतेम जमिनीच्या पातळीला येतो तेव्हा तुमचा वेग २,२०० झालेला असतो, आणि शून्यापासून ८० किलोमीटरपर्यंतचा सगळा चढ उरलेल्या ऐंशी मीटर प्रतिसेकंदात होतो. म्हणजे पूर्ण थ्रॉटलला पेरिअ‍ॅप्सिस सेकंदाला वीस-पंचवीस किलोमीटर उडी घेतो. त्यामुळे तो शून्याजवळ आला की थ्रॉटल एक तृतीयांश करा, ७० ओलांडला की एक्स. ८० बाय ७६ अशी कक्षा निघाली तरी ती कक्षाच आहे. दोन्ही आकडे ७० च्या वर असले की इंजिन बंद ठेवून कितीही दिवस फिरत राहाल. एक फेरी साधारण ३१ मिनिटांची.

७. कक्षेत गेल्यावर दोन गोष्टी

एसएएस बंद करा. पॉडमध्ये वीज फक्त ५० एकक असते, या रॉकेटला सौर पट्ट्या नाहीत आणि ‘टेरियर’ वीज बनवत नाही. एसएएस चालू ठेवून नकाशात रमलात तर वीज संपते, आणि मग यान वळवता येत नाही. परतायला वळावं तर लागतंच.

दुसरं, वेळ पळवताना, म्हणजे खेळातला काळ भरभर पुढे नेताना, इंजिन चालत नाही. पुढची वेळ गाठायची असेल तर नकाशात कक्षेवर क्लिक करून ‘वॉर्प हिअर’ निवडा. हाताने पळवून अनेकदा हवी ती जागा निघून जाते.

८. परत येणं

पुन्हा एफ५. नाक रेट्रोग्रेडवर, म्हणजे चालल्या दिशेच्या बरोबर उलट. कक्षेत सुमारे ४५ मीटर प्रतिसेकंद कमी केले की पेरिअ‍ॅप्सिस ३० किलोमीटरवर येतो. तिथेच थांबा. पेरिअ‍ॅप्सिस ५०-६० वर ठेवलात तर विरळ हवेत फेऱ्या मारत बसाल. थेट जमिनीत घातलात तर उतार फार तीव्र होतो आणि ज्वाळाही तशाच.

सत्तरच्या खाली जाण्याआधी तिसरा स्पेसबार: इंजिनचा टप्पा सुटतो आणि हीट शील्ड उघडी पडते. शील्ड पुढे, म्हणजे नाक रेट्रोग्रेडवरच. आता एसएएस पुन्हा चालू करा. पॉडभोवती आग दिसेल, शील्डचं आवरण झिजताना दिसेल. त्यासाठीच ते असतं.

पॅराशूटची घाई करू नका. उजवीकडच्या पट्टीत त्याच्या चिन्हाचा रंग बघा: लाल असताना उघडलंत तर फाटेल, पिवळा असताना नशिबाचा भाग. हवेने वेग बराच कमी केला आणि रंग गेला की चौथा स्पेसबार. छत्री आधी अर्धवट उघडते. जमिनीपासून १,००० मीटरवर पूर्ण फुलते, आणि तेव्हा जोराचा हिसका बसतो. खाली समुद्र असला तरी हरकत नाही, पॉड तरंगतो. यान स्थिर झालं की वरच्या उंचीमापकावर माऊस नेऊन ‘रिकव्हर व्हेसल’ दाबा. ते बटण दिसत नसेल तर पॉड अजून लाटांवर हलत असतो, थोडं थांबा.